दाजी, मला कुणी थांबवलं नव्हतं

दाजी,

तुमच्या घरातला टीव्ही बारा दिवस बंद होता. बंद ठेवा असं कुणी सांगितलं नव्हतं. रिमोट तुमच्या खुर्चीच्या हातावर पडलेला होता आणि तिथून तो उचलायचा धीर कुणाला होत नव्हता. तेराव्याचं जेवण उरकलं, पाहुणे गावाकडं परतले, आणि दिवेलागणीला अक्का एकदम म्हणाली, "लाव गं तो. घर खायला उठलंय."

सईनं लावला. तुमचंच चॅनल लागलं, कारण शेवटचं तुम्हीच लावलेलं. कबड्डीची मागच्या वर्षीची मॅच पुन्हा दाखवत होते. तुमचा संघ सात गुणांनी मागं होता. अक्का, मी आणि माझी लेक सई, आम्ही तिघी शाली गुंडाळून बघत बसलो. मला निकाल माहीत होता. हीच मॅच चालू असताना तुम्ही मला फोन केला होता आणि आपण पाऊण तास भांडलो होतो. तुम्ही तुमच्या घरी, मी माझ्या घरी, आणि दोन्हीकडं निवेदकाचा तोच आवाज.

तुमचा संघ हरला.

"हरले का?" अक्कानं विचारलं.

"हो."

"नेहमीसारखंच," ती म्हणाली आणि दिव्यात तेल आहे का बघायला आत गेली.

त्या संघाशी तुमचं काय नातं होतं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. आपल्या राज्याचा नाही, आपल्या भाषेचा नाही. त्यातल्या एकाही खेळाडूचं नाव तुम्हाला नीट घेता यायचं नाही. दर हिवाळ्यात तो संघ तळाला जायचा आणि दर हिवाळ्यात तुम्ही सांगायचात, औंदा बघ. मी एकदा वैतागून म्हटलं होतं, जिंकणारा एखादा संघ धरा की. तर तुम्ही म्हणालात, "जिंकणाऱ्याला टाळ्या वाजवायला अख्खा देश हाय. ह्यांना कोण हाय?"

तुमच्या माघारी सगळे मला सांगतायत की दाजी मोठे हौशी होते, हसतमुख होते. असतीलही. मला मात्र तुम्ही आठवता ते पहाटेचे. कानटोपी, तोंडातून वाफ, आणि दाराच्या कडीचा आवाज.

अक्काचं लग्न झालं तेव्हा मी अकरा वर्षांची. पुढच्या वर्षी शाळेसाठी फुलंब्रीकडच्या आमच्या गावातून तुमच्याकडं शहरात, गारखेड्यात राहायला आले. दोन खोल्या, वर पत्रे. तुम्ही वाळूजला एका कारखान्यात पत्रा कापायच्या प्रेसवर होतात. मी यायच्या तीन महिने आधी त्या प्रेसनं तुमच्या डाव्या हाताची दोन बोटं नेली होती. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी तुम्ही माझ्या ताटात भाकरी वाढली आणि मी हाताकडं बघतच राहिले. अक्कानं डोळे वटारले. तुम्ही हात माझ्यापुढं धरलात आणि म्हणालात, "बघून घे एकदाच. मग जेव."

मी बघून घेतलं. मग जेवले. त्या दिवसापासून मी तुम्हाला घाबरले नाही.

तुम्ही कंपनीच्या संघात डावा कोपरा सांभाळायचात. बोटं गेली आणि तुमचं मैदान सुटलं. "घोटा धरायला पाच बोटं लागतात गं," एवढंच म्हणायचात. पुढं तुम्हाला स्टोअरमध्ये बसवलं, खुर्ची दिली, रजिस्टर दिलं. त्या हिवाळ्यात तुम्ही मला पहाटे साडेपाचला उठवायला लागलात.

"उठा मेव्हणीबाई. ऊन काय तुमची वाट बघत बसलंय का?"

तुम्ही सायकलवर, मी शेजारून पळत. विजेच्या एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत एका दमात कबड्डी कबड्डी म्हणायचं. पुढं दोन खांब. पुढं तीन. रस्त्यानं दूधवाले हसायचे. रविवारी तर पार हर्सूलच्या तलावापर्यंत, जाताना निम्मं पळत आणि येताना कॅरिअरवर बसून. पाठीमागं बसल्यावर तुमच्या स्वेटरला गाल लावला की लोकर टोचायची आणि वारा लागायचा नाही. अक्का दारात उभी राहून ओरडायची, "पोरीला निमोनिया करून आणा आता!" आणि तिच्याच हातात गरम चहाचे दोन पेले असायचे.

दुपारी घरामागच्या मातीत तुम्ही चढाई करायचात आणि मी पकडायचं. "डोळ्यांकडं बघू नको. पायाकडं बघ. डोळं फसवतंय." मी घोटा धरला की तुम्ही सगळ्या अंगानं हिसडा द्यायचात. मी मातीत फरफटत जायचे. बाजूच्या बायका म्हणायच्या, काय हो हे, वयात आलेली पोर. तुम्ही त्यांना दखनीत उत्तर द्यायचात, "बच्ची खेल री, खेलने दो." त्या बायकांमधल्या दोघी पुढं माझी मॅच बघायला आल्या होत्या, आठवतं? तुम्ही त्यांच्यासाठी उकडलेल्या तुरीच्या शेंगांचे दोन पुडे घेऊन ठेवले होते.

मी शाळेच्या संघात गेले, मग कॉलेजच्या. तुमची गेलेली जागा, डावा कोपरा, मला मिळाली. गुण घेतला की मी प्रेक्षकांत तुम्हाला शोधायचे. तुमची टाळी लांबून ओळखू यायची. तीन बोटं आणि एक तळवा, आवाज जरा बसका.

आणि एकविसाव्या वर्षी मी खेळ सोडला.

विद्यापीठाच्या संघाच्या शिबिरात माझं नाव लागलं होतं. त्याच महिन्यात लग्न ठरलं. मी तुम्हाला सांगितलं की मी शिबिराला जाणार नाही. आपण घरामागं उभे होतो. तुम्ही तुमच्या डाव्या हाताकडं बघितलंत. मग म्हणालात, "माझी बोटं मशीननं नेली. तुझं काय नेलं गं कुणी?"

मी म्हटलं, "सासूबाईंना आवडत नाही."

दाजी, ते खोटं होतं.

सासूबाईंना कबड्डी म्हणजे काय ते धड माहीतही नव्हतं. त्यांनी मला साधं विचारलंही नव्हतं की तू काय खेळतेस. मी ते नाव घेतलं कारण ते चालण्यासारखं होतं. नव्या सुनेला सासूनं बंद केलं म्हटल्यावर कुणी पुढं विचारत नाही. तुम्हीही विचारलं नाहीत. मात्र त्या दिवसापासून बावीस वर्षं तुम्ही आमच्या घरी येऊन कधी सासूबाईंच्या हातचा चहा घेतला नाहीत. "आत्ताच घेतला," म्हणायचात. दर वेळी. सासूबाई कप परत आत न्यायच्या आणि मी बघत बसायचे.

खरं काय होतं ते आता सांगते. तुम्हाला जालन्याची ती उंच मुलगी आठवते का? त्या वर्षीच्या थंडीतली मॅच, संध्याकाळची, दिव्यांखालची. ती चढाईला आली. मी घोटा धरला, बाकीच्यांनी साखळी करून तिला दाबलं. तिचं अंग एकीकडं फिरलं आणि पाय माझ्या हातातच राहिला. गुडघ्याचा आवाज आला. प्रेक्षकांना ऐकू गेला नसेल. माझा कान तिथंच होता. तेवढ्यात शिट्टी झाली, आम्हाला गुण मिळाला आणि तुमची टाळी ऐकू आली. तुम्हाला तेव्हा कळलं नव्हतं काय झालंय ते. तिला उचलून नेलं तेव्हा ती ओरडत नव्हती, नुसती माझ्याकडं बघत होती.

परत येताना तुम्ही म्हणालात, "खेळात होतंय. तू काय मुद्दाम केलं नाय."

बरोबरच होतं ते. पण त्यानंतर मला कुणाचाही घोटा पुरत्या जोरानं धरता येईना. हात लागला की बोटं आपोआप सैल पडायची. तुम्ही म्हणायचात, फॉर्म गेलाय, येईल. मी हो म्हणायचे. मला भीती वाटत होती, दाजी. दुसऱ्याला काही होईल याची आणि मग मला काही होईल याची. ज्या माणसानं बोटं गेल्यावरही मैदानाकडं पाठ फिरवली नाही, त्याला मी हे कुठल्या तोंडानं सांगणार होते? मग लग्न आलं आणि मी त्याच्याआड लपले.

हे मी तुम्हाला सांगायला हवं होतं. एकदा सांगितलं असतं तर पुढचं घडलं नसतं.

सई तुमच्या नादी लागली ती चौथीत. मी तिला पाठवलं नव्हतं, तिनंच तुमचा हात धरला. तिला चढाई आवडायची आणि तुम्हाला पकड. "रेडर काय, आज हाय, उद्या नाय," असं तुम्ही तिला चिडवायचात. ती म्हणायची, "काका, तुमचे पकडणारे नुसते वाट बघत बसतात." मग तुम्ही खुश व्हायचात. भांडायला कुणी मिळालं की तुम्ही नेहमीच खुश व्हायचात. टीव्हीवर मॅटवरची कबड्डी लागली की तुमचं ठरलेलं, मातीचा वास नाही तो खेळ कसला. ती बूट दाखवायची, तुम्ही तोंड वाकडं करायचात. तिच्या वाढदिवसाला ते मॅटवरचे बूट मात्र तुम्हीच आणलेत, आणि मापाला बरोबर निघाले.

मी तिच्या मॅचला कधी आले नाही. लायब्ररीत काम आहे, पाण्याचा दिवस आहे, पाहुणे येणार आहेत. तुम्हाला वाटायचं मला राग आहे, माझं राहिलं म्हणून. तुमचा तोही अंदाज चुकीचा होता.

आणि मग ही दिवाळी झाल्यावरची संध्याकाळ. तुम्ही आणि अक्का आमच्याकडं आलात. तुमच्या हातात हरभऱ्याच्या टहाळाची जुडी होती, पहिलाच टहाळ आलाय म्हणालात. सई बारावीला. मी आठवडाभर मनात धरून ठेवलेलं बोलले. "दाजी, आता तिला मैदानावर नेऊ नका. परीक्षा झाल्यावर बघू."

"परीक्षा फेब्रुवारीत हाय. मॅचा जानेवारीत हायत. पोरगी दोन्ही करंल."

"मला नको आहे."

"तुला नको का तिला नको?"

सई अभ्यासाच्या टेबलापाशी बसली होती. वर बघितलं नाही तिनं.

"मी आई आहे तिची," मी म्हटलं.

तुम्ही टहाळ सोलता सोलता थांबलात. शांतपणे म्हणालात, "मंदा, तुला तुझ्या सासूनं थांबवलं. तू तुझ्या पोरीची सासू हू नको."

आतल्या खोलीत सासूबाई होत्या. त्यांना ऐकू गेलं की नाही, कळलं नाही. मला त्या क्षणी खरं सांगायची संधी होती. मी ती घेतली नाही. उलट मला तुमचाच राग आला, इतका की डोळ्यांपुढं काही दिसेना, आणि मी म्हटलं, "तुम्हाला स्वतःचं लेकरू नाही म्हणून तुम्ही दुसऱ्याच्या लेकरांवर हौस भागवता. आधी माझ्यावर, आता हिच्यावर."

अक्का स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातात पोह्यांची ताटली. तुम्ही मांडीवरची टरफलं गोळा केलीत, वाटीत टाकलीत, कानटोपी घातलीत. "चल गं," अक्काला म्हणालात. दारापाशी चप्पल घालताना तुम्हाला वेळ लागला. एरवी मला लगेच हाक असायची, पट्टा लावून दे म्हणून. त्या दिवशी तुम्ही तीन बोटांनी तो पट्टा लावत राहिलात आणि मी जागची हलले नाही.

सात आठवडे आपण बोललो नाही.

सई मैदानावर गेली नाही. तिनं त्रागाही केला नाही. सकाळी उठायची, पुस्तक घ्यायची, क्लासला जायची. मी मनाशी म्हणायचे, बघा, झालं ना सुरळीत. तुमच्या घरून फोन यायचा तो अक्काचा, आणि तिच्या मागं टीव्हीवरच्या मॅचचा आवाज ऐकू यायचा. मी कान देऊन ऐकायचे, तुम्ही काही ओरडताय का. तुम्ही गप्प बसून बघत होतात.

आता जे लिहिते ते मी अजून कुणालाही सांगितलेलं नाही, अक्कालाही नाही.

तुम्ही जायच्या आधीच्या रविवारी मी तुम्हाला बघितलं. मी स्कूटरवरून मैदानाच्या बाजूनं चालले होते. सकाळचे साडेनऊ वाजले असतील. तुम्ही सिमेंटच्या पायरीवर उन्हात बसला होतात. एकटेच. मांडीवर पेपर, पेपरवर दोन पेरू. समोर दुसऱ्यांच्या मुली सराव करत होत्या. त्यांतली एक पडली तशी तुम्ही अर्धवट उठलात आणि ओरडलात, "ऊठ गं, कायकू बैठी? ऊठ!" ती उठली. तुम्ही परत बसलात. दुसरा पेरू तसाच ठेवला होता.

मी स्कूटर बंद केली. रस्त्याच्या कडेला थांबले. दहा मिनिटं तरी थांबले असेन. मनात वाक्य जुळवत होते. दाजी, चुकलं माझं. एवढंच तर होतं. तुम्ही लगेच म्हणाला असतात, हौली हो गई क्या, वेडी कुठली, बस इथं, पेरू खा. मला पक्कं माहीत होतं तुम्ही असंच म्हणाला असतात. मग मला आठवलं की आज आमच्याकडं पाण्याचा दिवस आहे. आठवड्यातून एकदा येतं नळाला, टाकी भरायची असते. मी स्वतःला सांगितलं, पुढच्या रविवारी बोलू. आणि स्कूटर वळवली.

घरी आले तर पाणी अजून आलंच नव्हतं. ते बारा वाजता आलं. तोवर मी घागरी मांडून नळापाशी बसून होते.

गुरुवारी सकाळी तुम्ही दूध आणलंत, पातेल्यात ओतलंत आणि अंगणात खुर्ची टाकून उन्हाला बसलात. अक्का चहा घेऊन बाहेर आली तेव्हा तुमची मान कलली होती. तिला वाटलं डोळा लागला. तिनं चहावर ताटली झाकून ठेवली. थोड्या वेळानं परत आली.

मला लायब्ररीत फोन आला. त्या दिवशी काय काय झालं ते मला सलग आठवत नाही. एवढं आठवतं की गारठा खूप होता आणि तुम्हाला अंगणात ठेवलेलं असताना मी कुणाला तरी म्हणाले, त्यांना स्वेटर घाला. आणि संध्याकाळी घरी आल्यावर सई माझ्यासमोर उभी राहिली. रडून तिचा चेहरा सुजला होता.

"आई, मी सात आठवडे काकांना भेटले नाही. तू नको म्हणालीस म्हणून. त्यांनी मला क्लासच्या बाहेर एकदा हाक मारली होती, तर मी नुसता हात केला आणि रिक्षात बसले." ती थांबली. "मी तुझं ऐकलं."



दहाव्याच्या आदल्या दिवशी अक्का आणि मी स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होतो. मी शेवटी विचारलं. "अक्का, मी त्या दिवशी जे बोलले त्यावर दाजी काही म्हणाले का?"

मला काय ऐकायचं होतं ते तुम्हाला सांगायला नको. मला ऐकायचं होतं की ते विसरले होते, ते हसले होते, मंदा वेडी आहे म्हणाले होते.

अक्का ताटातले खडे बाजूला करत राहिली. "काय म्हनले नाय. त्यावर एक शब्द काढला नाय. पण लागलं होतं त्यांना, मंदा. लई लागलं होतं."

मी रडायला लागले. ती मला रडू देत होती. मग म्हणाली, "आन मला बी लागलं होतं."

मी वर बघितलं.

"लेकरू काय त्यांना एकट्याला नव्हतं का?" अक्का म्हणाली. "मी तिथंच उभी होते की."

दाजी, मी सात आठवडे आणि वर नऊ दिवस तुमच्याच दुखण्याचा हिशोब करत होते. त्या दारात ताटली घेऊन उभी असलेली माझी बहीण माझ्या डोक्यातच आली नव्हती. जिनं मला बाराव्या वर्षापासून वाढवलं, माझ्या वेण्या घातल्या, माझे मातीनं भरलेले कपडे धुतले, तिला मी म्हटलं होतं की तुला लेकरू नाही. मी तिच्या पायाशी गेले. ती म्हणाली, "ऊठ. तांदूळ सांडशील."

त्या रात्रीचं जेवण झाल्यावर मी घरी आले आणि सासूबाईंपुढं बसले. त्या आता चौऱ्याहत्तरच्या. मी त्यांना सगळं सांगितलं. कबड्डी, शिबिर, मी त्यांचं नाव कसं पुढं केलं ते. त्या ऐकत होत्या. मला वाटलं चिडतील. बावीस वर्षं मी त्यांना तुमच्या नजरेत वाईट ठरवलं होतं.

"म्हणून व्हय ते च्या घेत नव्हते," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, साखर कमी पडत असंल. दर टायमाला मी चमचा वाढवत गेले."

मला कळेना हसावं की काय करावं. त्यांनी मला विचारलं, "आन पोरीला का थांबवलंस? तिला काय भीती हाय का?"

"नाही. भीती मला आहे."

"मग तू घरात बस. तिला जाऊ दे."

इतकं साधं होतं ते, दाजी. तुम्ही ऐकलं असतं तर मांडीवर थाप मारली असती.

सईला सांगायला मला आणखी चार दिवस लागले. ती म्हणाली, "आता काय उपयोग? सराव नाही, दम राहिला नाही. सर घेतील का माहीत नाही." पण गेली. सरांनी तिला राखीव म्हणून घेतलं. या रविवारी मॅच होती, तुमच्याच मैदानावर.

मी निघाले तेव्हा अक्काचा फोन आला. "मला घेऊन चल." मी म्हटलं, "आत्ता?" महिना झालेला नाही, लोक काय म्हणतील हे माझ्या मनात आलं, आणि तिला ते कळलं. "म्हनू दे," ती म्हणाली. "घरात बसून तरी काय करू?"

तीस वर्षांहून जास्त तुमचा संसार झाला आणि अक्का कधी मैदानावर आलेली नव्हती. कुणीतरी घरी थांबून पाणी तापवायला लागायचं ना, आपण चिखलमातीत बरबटून येणार म्हणून. आम्ही दोघी पायरीवर बसलो. ऊन चांगलं होतं. ओळखीची माणसं येऊन अक्काला नमस्कार करून जात होती. एकानं विचारलं, काकूंना खुर्ची आणू का? ती म्हणाली, "ते कुठं बसायचे?" त्यानं दाखवलं. ती उठून तिथं जाऊन बसली. मीही गेले.

सईला दुसऱ्या डावात उतरवलं. तुम्हाला आधी गुण लागतात म्हणून सांगते, आपण चार गुणांनी हरलो. सईनं सहा चढाया केल्या. तीन गुण घेतले, दोनदा पकडली गेली, एकदा तशीच परत आली. पकडली गेली तेव्हा तिचा घोटा कोपऱ्यातल्या मुलीच्या हातात होता आणि वरून साखळी आली. मी डोळे मिटले. ते अजून जमत नाही मला. डोळे उघडले तेव्हा ती उठून कोपर चोळत होती.

"मंदा," अक्का म्हणाली, "हिला असं सगळ्याजणी मिळून का धरतेत गं?"

मी तिच्याकडं बघितलं. "अक्का, तुला खेळ माहीत नाही?"

"कधी विचारलंच नाय मी. ते आन तू बोलत राहायचे, मी आपली भाकरी करायचे."

मग मी तिला सांगितलं. मधली रेघ कुठली, दम का लावतात, एक बाद झाली की दुसरी कशी आत येते. तुम्ही मला घरामागं काडीनं मातीत रेघा ओढून दाखवलं होतंत तसं सांगायला गेले, पण इथं मॅट होती, बोटानंच हवेत दाखवावं लागलं. ती मध्येच थांबवून विचारायची, मी परत सांगायचे. कोपरा सांगताना माझं बोट हवेतच राहिलं. तिनं ओळखलं.

"ह्या जागेवर खेळायचे का ते?"

"हो. मीही."

ती त्या कोपऱ्याकडं बघत राहिली. तिथं दुसऱ्या संघातली एक किरकोळ अंगाची मुलगी गुडघ्यांवर हात ठेवून वाकून उभी होती.

शिट्टी वाजली. मुलींनी एकमेकींना हात दिले. सई लांबून आमच्याकडं बघत होती, जवळ येत नव्हती. अक्कानं विचारलं, "हरलो ना? ते असते तर काय म्हनले असते?"

"शिव्या घातल्या असत्या," मी म्हटलं. "दुसऱ्या चढाईला बोनसचा गुण समोर पडला होता, घेतला का नाही म्हणून. घरी जाईपर्यंत ऐकवलं असतं. आणि जेवताना परत."

अक्का हसली. तोंडाला पदर लावून हसली आणि हसता हसताच तिचे खांदे हलायला लागले. तुम्ही गेल्यापासून ती माणसांत रडली नव्हती. मी हात पुढं केला आणि मध्येच थांबवला. तिला हात लावायचा हक्क मला परत मिळाला आहे का ते मला माहीत नव्हतं. तिनंही माझा हात घेतला नाही.

मैदान रिकामं झालं. मुलांनी मॅट गुंडाळायला घेतली. ऊन आमच्या पाठीवरून उतरून पायरीच्या खाली गेलं आणि गार लागायला लागलं. कुणीतरी येऊन सांगितलं, काकू, गेट लावायचंय.

अक्का म्हणाली, "लावा. आम्ही बसतो जरा."

आणि आम्ही दोघी बसून राहिलो.